गटातील सदस्याने उपचारांसाठी पैसे मागितले, तर खरे-खोटे कसे पडताळावे?

घोडबंदरकर
मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतच्या संकुलांतील रहिवाशांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट असून मी त्याचा अ‍ॅडमिन आहे. त्यात एक ताई नित्यनेमाने लिहीत असत: टँकर केव्हा येणार, पोळ्यांसाठी मावशी कुठे मिळतील, घोडबंदर रस्त्यावर कोंडी कुठवर आहे. काही दिवसांपूर्वी त्यांनी पुतण्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे सांगून मदत मागितली आणि रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकाचे छायाचित्र व क्यूआर कोड टाकला. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव येत होते. एका सदस्याने तसे विचारलेही. परंतु ‘अशा वेळी शंका काढता?’ असे तिघाचौघांनी सुनावल्यावर ते गप्प बसले. पुढे कुणीतरी भेटायला म्हणून रुग्णालयात गेले, तेव्हा त्या नावाचा रुग्ण दाखलच नसल्याचे कळले. ताईंचा फोन तेव्हापासून बंद आहे. आता प्रत्येक सदस्याकडून आधार कार्डाची प्रत घ्यावी, अशी मागणी होत आहे. हे योग्य ठरेल का?

नौपाडा_वकील
आधारच्या प्रती मुळीच गोळा करू नका. त्या तुमच्या फोनमध्ये पडून राहतील आणि उद्या गैरवापर झाला, तर जाब तुम्हाला विचारला जाईल. शिवाय आधारवरून माणूस कोण ते कळेल, त्याचा पुतण्या आजारी आहे की नाही ते कळणार नाही.

तक्रार मात्र आजच करा. 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ती जितकी लवकर नोंदवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गटातील संभाषण कुणीही पुसू नये. क्यूआर कोडवर दिसलेले नाव हाच सर्वांत ठोस धागा आहे, कारण त्या खात्याची कागदपत्रे बँकेकडे असतात. अर्थात खाते भाड्याने घेतलेले असण्याचीही शक्यता आहे.

ऐरोली_वाचक
हा प्रकार इंटरनेटइतकाच जुना आहे. 2001 मध्ये अमेरिकेत केसी निकोल या नावाने रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या तरुणीची दैनंदिनी असंख्य लोक वाचत होते; तिच्या ‘निधना’नंतर वाचकांनीच तपशील ताडून पाहिले आणि कॅन्सस राज्यातील एका महिलेने ती मुलगी कल्पनेतून उभी केली होती, हे उघड झाले. तिथेही सुरुवातीला शंका घेणाऱ्यांनाच निष्ठुर ठरवण्यात आले होते. ऑनलाइन आजारपणाच्या अशा सोंगांवर मानसोपचारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी 2000 मध्येच लिहिले होते.

माझ्या मते तुमच्या गटाचा घोळ ओळखपत्राअभावी झालेला नाही. टँकरच्या वेळा अचूक सांगणाऱ्या व्यक्तीवर टँकरपुरता विश्वास ठेवणे रास्तच होते; तोच विश्वास पैशांच्या व्यवहाराला लागू झाला आणि ज्याने तो फरक दाखवला, त्याला सर्वांनी मिळून गप्प केले. त्यामुळे पैसे मागणाऱ्याला उघडपणे प्रश्न विचारता येतील आणि विचारणाऱ्याला कुणी टोचून बोलणार नाही, एवढा एकच नियम करा.

खारघर_समाजसेविका
वरील मताशी सहमत आहे, पण खऱ्या गरजूचाही विचार व्हावा. मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला पन्नास अनोळखी लोकांच्या उलटतपासणीला तोंड द्यावे लागणे क्रूर आहे. म्हणून प्रश्न तिला न विचारता रुग्णालयाला विचारावेत. मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. कुटुंबाच्या संमतीने तिथे केस क्रमांक सांगितला, तर रुग्ण दाखल आहे का आणि किती रक्कम कमी पडते, हे कळू शकते. मदत कुणाच्याही वैयक्तिक खात्यात न पाठवता थेट रुग्णालयाच्या खात्यात त्या केस क्रमांकावर जमा करावी. ज्याला खरोखर उपचारच हवे आहेत, त्याची याला सहसा हरकत नसते. तसेच महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. वर्गणी काढण्याआधी ती वाट चोखाळली आहे का, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

घोडबंदरकर
आधारचा प्रस्ताव मागे घेत आहोत आणि यापुढे मदत रुग्णालयाच्याच खात्यात जाईल. सर्वांच्या वतीने मी एकच तक्रार केली तर चालेल का?

नौपाडा_वकील
तसे करू नका. प्रत्येकाची रक्कम त्याच्या स्वतःच्या खात्यातून वेगळ्या व्यवहाराने गेली आहे. ज्याने त्याने आपापला यूपीआय व्यवहार क्रमांक देऊन स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि त्यात इतरांच्या तक्रारींचे क्रमांक नमूद करावेत.