मदत हवी आहे – बेसबॉलमध्ये सीझनच्या मध्यात होणारे ट्रेड (टीमांमधली खेळाडूंची अदलाबदल) समजावून सांगा ना कोणीतरी

सिअ‍ॅटलला राहतो, ऑफिसच्या पोरांमुळे इथल्या मरिनर्स टीमचं वेड लागलंय, म्हणजे बघा मेजर लीगची फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीज, कधीच न खेळलेली एकमेव टीम माझ्या नशिबी आली. तर २०२५ च्या जुलैत यांनी अ‍ॅरिझोनाच्या टीमकडून आधी जॉश नेलर आणि मग युहेनिओ सुआरेझ घेतला, बदल्यात तरुण पोरं दिली. नेलर तर भारीच निघाला, एवढा जाडजूड गडी पण १९ बेस चोरले (बॉलरचं लक्ष चुकवून पुढच्या बेसवर पळाला) आमच्यासाठी! सुआरेझचं मात्र कळत नाही, अ‍ॅरिझोनात ३६ होमरन आणि इकडे आल्यावर बॅटिंग अ‍ॅव्हरेज फक्त .१८९ (शंभरात जेमतेम १९ हिट), मी रोज शिव्या घालायचो, आणि मग वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सिरीजमध्ये टोरांटोविरुद्ध पाचव्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये ग्रँड स्लॅम (एका फटक्यात चार रन) ठोकला की राव. शेवटी सातव्या मॅचला सिरीज हातातून गेलीच ती गोष्ट वेगळी.

आता प्रश्न असा की दोघांचेही करार सीझनअखेर संपणार होते, मग दोन-तीन महिन्यांसाठी भविष्यातली पोरं देणं परवडतं का, हिशोब नेमका कशावर करतात? बाबा आयपीएलवाले, ते विचारतात खेळाडूला कोणी विचारतं की नाही, त्यांना काय सांगू?