मदत हवी आहे: इलॅस्टिकसर्चमधला शेतकऱ्यांचा डेटा इन्फॉर्मेटिका क्लाऊडला न्यायचाय, कनेक्शन टेस्टलाच अडकायलंय

सोयाबीनपट्टा:
नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा सभासदांचा सगळा डेटा इलॅस्टिकसर्च ८ (डेटा साठवून झटकन शोधायचं सॉफ्टवेअर) मधे आहे, ऑफिसातच एका लिनक्स मशीनवर. एका शेतकऱ्याचं एक डॉक्युमेंट, त्यात नाव, गाव, तालुका, आधार, बँक खातं आणि जमिनीच्या गटांची यादी, प्रत्येक गटात क्षेत्र, पीक, वाण. खरेदी केंद्रावर माणूस तुरीचं पोतं घेऊन आला की पोरं नाव टाईप करतात आन लगेच सापडतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी सापडतं, त्यामुळं सर्च सोडायचा विषयच नाही.

आता शेजारच्या तालुक्यातल्या दोन कंपन्यांचा डेटा आणि आमचा इन्फॉर्मेटिका क्लाऊडवर (ठिकठिकाणचा डेटा जोडायची ऑनलाईन सेवा) एकत्र करून मास्टर रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याची एकच पक्की नोंद, करायचंय. कारण सरळ आहे, एकच शेतकरी दोन ठिकाणी सभासद असतो, त्याला बियाणं दोनदा मिळतं आणि ज्याचं नाव यादीत नीट नाही तो राहून जातो. हे मला फार खटकतं म्हणून हे काम मी अंगावर घेतलंय.

इन्फॉर्मेटिकाचा सिक्युअर एजंट (आपल्या मशीनवर बसून क्लाऊडशी बोलणारा प्रोग्राम) ऑफिसातल्याच दुसऱ्या विंडोज मशीनवर टाकलाय, तो अप अँड रनिंग दाखवतो. रेस्ट व्ही टू कनेक्शन (वेब पत्त्यावरून डेटा घ्यायचा प्रकार) बनवलं, इलॅस्टिकचं ९२०० पोर्ट, एचटीटीपीएस, युजर पासवर्ड सगळं दिलं. त्याच मशीनवरून कर्ल ह्या कमांडला मायनस के लावून मारलं तर क्लस्टरचं नाव, व्हर्जन सगळं नीट येतं, पण टेस्ट कनेक्शन केलं की "पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड" येऊन थांबतं. कामून व्हायलंय असं? एकानं सुचवलं की राऊटरवर ९२०० उघडा आणि क्लाऊडला थेट येऊ द्या, पण मला ते बरोबर वाटेना. जाणकारांनी सांगा.

मांजराकाठ:
दादा, मायनस के म्हणजे कर्लला सांगणं की समोरच्या मशीनची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासूच नको, म्हणून ते पास होतंय. त्यावरून फक्त एवढंच कळतं की नेटवर्क ठीक आहे आणि पासवर्ड बरोबर आहे. इलॅस्टिक ८ पासून सिक्युरिटी पहिल्यापासूनच चालू असते, पहिल्यांदा सुरू करताना ते स्वतःच सर्टिफिकेट अथॉरिटी (सीए, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणारी) बनवतं आणि त्या अथॉरिटीला तुमचा एजंट ओळखत नाही. एजंट जावावर चालतो, जावा आपल्या ट्रस्टस्टोअरमधे (विश्वासातल्या अथॉरिटींच्या यादीत) बघतं, तिथं नाही सापडलं की हाच एरर.

इलॅस्टिकच्या कॉन्फिग फोल्डरमधे सर्ट्स नावाचं फोल्डर असतं, त्यातली एचटीटीपी सीए वाली सीआरटी फाईल एजंटच्या मशीनवर आणा, जावाचं कीटूल वापरून एक वेगळी जेकेएस फाईल (ट्रस्टस्टोअरचीच फाईल) बनवा, तिच्यात ती इम्पोर्ट करा. रेस्ट व्ही टू कनेक्शनमधे ट्रस्टस्टोअरचा पाथ आणि पासवर्ड द्यायला जागा असते, तिथं हीच फाईल द्या. एजंटसोबत आलेल्या जावाच्या सीएसर्ट्स फाईलमधे टाकलं तरी चालतं, पण एजंट अधूनमधून आपोआप अपग्रेड होतो, म्हणून मी तिला हात लावत नाही.

गोदाकाठ:
पोर्टचं मी सांगतो, आणि हात जोडून सांगतो, ९२०० बाहेर उघडू नका. २०१७ च्या जानेवारीत इंटरनेटवर उघडी पडलेली इलॅस्टिकसर्च शोधून लोकांनी डेटा पुसला होता आणि खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. तेव्हा सिक्युरिटी आपोआप चालू नसायची हे खरं, पण शेतकऱ्यांचे खाते नंबर ज्यात आहेत ती पेटी रस्त्यावर ठेवायची कशाला? आणि गरजही नाही. सिक्युअर एजंट आतूनच बाहेर ४४३ वर बोलतो, क्लाऊडला तुमच्या ऑफिसात शिरायची गरजच पडत नाही. ह्याच्यासाठीच तर एजंट केलेला असतो.

अजून एक, कनेक्शनला इलॅस्टिक नावाचा सुपरयुजर देऊ नका. त्या एका इंडेक्सवर (सभासदांची डॉक्युमेंट्स ठेवलेल्या कप्प्यावर) फक्त रीडचा हक्क असलेला रोल बनवा, युजर त्याचाच द्या. आधार आणि बँक खातं मास्टर रेकॉर्डला खरंच लागतं का तेही बघा. फील्डनुसार हक्क देण्याची सोय पैसे भरलेल्या लायसन्समधे येते, त्यामुळं सोपं म्हणजे ते दोन फील्ड वगळून वेगळा इंडेक्स करा आणि एजंटला तोच दाखवा.

सोयाबीनपट्टा:
दोघांचेही लई आभार. जेकेएस फाईल दिल्यावर तो एरर गेला, आता "नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम्स मॅचिंग आयपी ॲड्रेस" म्हणायलंय. मधे राऊटर बदलला तेव्हा लिनक्स मशीनचा आयपी बदलला होता, त्याचा संबंध असेल का?

मांजराकाठ:
तोच संबंध. सर्टिफिकेट बनलं तेव्हाचे आयपी आणि होस्टनेम त्यात कोरलेले असतात, नवा आयपी त्यात नाही. इलॅस्टिकसर्च सर्टयुटिल नावाचं टूल सोबतच येतं, त्याच्या एचटीटीपी पर्यायानं नवीन सर्टिफिकेट बनवा, विचारेल तेव्हा होस्टनेमही द्या आणि आयपीही द्या. राऊटरमधे त्या मशीनला आयपी कायमचा बांधून टाका, आणि कनेक्शनमधे शक्यतो होस्टनेमच वापरा. सीए नवीन घेतलीत तर जेकेएस पण नवीन करावी लागेल हे विसरू नका.

सोयाबीनपट्टा:
झालं! टेस्ट सक्सेसफुल. पण आता पुढचं, डेटा ओढला तर बरोबर १०,००० रेकॉर्ड येतात आन थांबतं. सभासद त्याच्यापेक्षा जास्त आहेत हे नक्की. आणि गटांची यादी एकाच कॉलममधे कोंबल्यासारखी येते, एकाचे चार गट, एकाचा एकच, त्याचं टेबल कसं करायचं?

गोदाकाठ:
१०,००० ही इलॅस्टिकचीच ठरलेली मर्यादा आहे, फ्रॉम (कुठून सुरू) आणि साईझ (किती घ्यायचे) मिळून त्याच्या पुढं जाऊ देत नाही. सर्चच्या उत्तरात एकूण आकडा पण १०,००० च दाखवतं, तो "निदान इतके" अशा अर्थाचा असतो, खरा आकडा काउंट एपीआयला (नोंदी मोजून देणाऱ्या आदेशाला) विचारा आणि शेवटी ताळा त्याच्याशीच करा. मर्यादा वाढवायची सेटिंग आहे पण तुमच्या मशीनच्या मेमरीवर ताण येईल, ती वाढवू नका. पॉइंट इन टाइम (त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) उघडून सर्च आफ्टरनं (मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीपासून पुढं) पानं पानं घ्यायची ही बरोबर पद्धत, मधे कुणी नवीन नोंद केली तरी ओढणं बिघडत नाही.

गटांचं म्हणाल तर इलॅस्टिकमधे कुठल्याही फील्डला एक किंवा अनेक किमती असू शकतात, टेबलवाल्या जगाला ते झेपत नाही. इलॅस्टिकची एसक्यूएल वापरली तरी ती ॲरेला (किमतींच्या यादीला) नाही म्हणते. मी असतो तर एजंटच्याच मशीनवर छोटी पायथन स्क्रिप्ट ठेवली असती, ती पानं ओढेल आणि दोन फाईली लिहील, एक शेतकऱ्यांची, दुसरी गटांची. दुसऱ्या फाईलीत प्रत्येक ओळीला शेतकऱ्याचा आयडी, गाव आणि गट नंबर. मग इन्फॉर्मेटिकात फ्लॅट फाईल कनेक्शन, आणि तिथं कोड पेज (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ ८ निवडा नाहीतर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन जातील. थेट रेस्ट कनेक्शन वाया गेलं असं नाही, रोज बदललेल्या थोड्या नोंदी आणायला तेच ठेवा.

मांजराकाठ:
ह्यात एक भर घालतो कारण दुबार नावं काढणं हाच तुमचा मूळ हेतू आहे. गट नंबर कुणी मराठी आकड्यात लिहिलाय कुणी इंग्रजी, सर्चमधे दोन्ही सापडत असतील तर तुमच्या ॲनलायझरमधे (शोधण्याआधी शब्द सारखे करणाऱ्या भागात) डेसिमल डिजिट फिल्टर असणार, तो सगळ्या लिपींतले आकडे एका रूपात आणतो. पण ॲनलायझर फक्त शोधायच्या शब्दांवर काम करतो, सोर्समधलं मूळ लिखाण जसंच्या तसं राहतं आणि क्लाऊडला तेच जातं. म्हणजे सर्चला जो शेतकरी एक वाटतो तो तिकडं दोन होतो. आकडे, नुक्त्याचा ऱ, शिरूर आणि शिरुर, हे सगळं स्क्रिप्टमधेच एका रूपात आणा. उस्मानाबाद आणि धाराशिव पण बघा, नाव २०२३ मधे बदललं, जुन्या नोंदी जुन्या नावानंच असतील. गावाच्या नावावर जुळवणी करूच नका, केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो लावा. गावाचा कोड आणि गट नंबर जुळला तर जमीन एकच, मग नाव कसं का लिहिलेलं असेना. फक्त सामाईक गटात भावाभावांची नावं असतात, तिथं सातबारा बघूनच माणसानं ठरवायचं, आपोआप मर्ज करू नका, नाहीतर एका भावाचं बियाणं जाईल.

सोयाबीनपट्टा:
भावांचं हे फार कामाचं सांगितलंत, आमच्याकडं निम्मी प्रकरणं तशीच निघतील. स्क्रिप्ट लिहायला घेतो. औसा, निलंगा आणि शिरूर अनंतपाळ ह्या तालुक्यांच्या गावांची मराठी नावं कुणी कोडशी आधीच जुळवून ठेवली असतील तर ती फाईल देता का, वाड्या आणि तांडे त्यात मूळ गावाखाली धरलेत की वेगळे तेही सांगा. खरिपाच्या बियाण्याची यादी लागायच्या आत हे उरकायचंय.