चरबी घटवताना स्नायू कसे टिकवावेत?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ): पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्यासाठी मी रोज पहाटे धावतो आणि रात्रीचे जेवण बंद केले आहे. वजन ७२ किलोवर आले, परंतु गोळाफेकीतील जोर स्पष्टपणे कमी झाला आहे. धावणे कमी करावे काय?

उत्तर (वरोरा): दादा, दोष धावण्याचा नसून उपाशी राहण्याचा आहे. आहारात मोठी तूट पडली, म्हणजे शरीराच्या खर्चापेक्षा फारच कमी कॅलरी पोटात गेल्या, आणि स्नायूंवर पुरेसा भार आला नाही, तर शरीर चरबीबरोबर स्नायूंतील प्रथिनेही वापरू लागते. जेवण पुन्हा सुरू करून दिवसाची तूट ३०० ते ५०० कॅलरींपुरती ठेवावी आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम, म्हणजे आपल्यासाठी ११५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. ज्वारीची भाकर व तुरीचे वरण एवढ्यावर ते साधत नाही. ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून मात्र सुमारे २५ ग्रॅम मिळतात.

उत्तर (आर्वी): आठवड्यातून तीन दिवस दंड, बैठका व वजन उचलणे वाढत्या भाराने करावे. लांब धाव आणि पायांचा जड व्यायाम शक्यतो एकाच दिवशी नको.

प्रश्नकर्ता: घरी अंडी चालत नाहीत.

उत्तर (वरोरा): हरकत नाही. वड्यांसोबत हरभरे, शेंगदाणे, दूध व दही रोज ठेवावे. शेंगदाणे मात्र मोजूनच, कारण त्यांत तेल भरपूर असते.