अनुभव धागा: गावाकडचे अपघात आणि भरपाई – कुठे, कसा आणि किती दिवसांत दावा करायचा?

धागाकर्ता

ग्रामीण तालुक्यात माणूस जखमी होतो तो ट्रॅक्टर-ट्रॉलीने, कडबाकुट्टीने, लोंबकळणाऱ्या तारेने, मण्यारीने, बिबट्याने. प्रत्येकाची भरपाई वेगळ्या दारात मिळते आणि त्या दारांची मुदतही वेगळी असते. चुकीच्या दारात सहा महिने उभं राहिलं की बरोबर दार बंद झालेलं असतं. कोर्ट, दवाखाना, कृषी, वन, वीज यांपैकी ज्यात तुम्ही काम करता त्याबद्दल नेमकं लिहा. कलमं मोजकी, कागद आणि आकडे जास्त. "मला असं झालं" याऐवजी "असं झालं तर काय करायचं" हे हवं आहे.

कोर्टकचेरी

रस्ता अपघातापासून सुरुवात करतो.

मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ चा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत लागू आहे. तिच्यावर वरच्या न्यायालयांत वाद चालू आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो. प्रत्यक्षात ठाण्यात जाऊन मागावा लागतो. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा विमा, आरसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती तेव्हाच घ्या. समोरच्याचा विमा चालू आहे का, ते एम-परिवहन ॲपवर गाडीच्या नंबरावरून कळतं.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर हे दार नाही. तिथे 'हिट अँड रन'चा अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात करायचा. मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. गाडी सापडली आहे, पण चूक कोणाची ते सिद्ध करण्याचा व्याप नको असेल, तर कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख ठरलेले आहेत. मात्र हे घेतलं की १६६ चा मोठा दावा जातो. घरात तरुण कमावता माणूस गेला असेल तर १६४ वर सही करायची घाई करू नका. विमा कंपनीचा माणूस मात्र लगेच सही करायचाच सल्ला देईल.

दाव्याचा हिशेब लोकांना गूढ वाटतो, तो तसा नाही. वय ३५, कमाई महिना १२,००० आणि कामाच्या दृष्टीने अपंगत्व ४० टक्के धरा. वर्षाचे झाले १,४४,०००. स्वतःचा धंदा असलेल्या ४० च्या आतल्या माणसाला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे २,०१,६००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००. त्याचे ४० टक्के १२,९०,२४०. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि वेदनेची रक्कम याच्यावर वेगळी.

सगळी मारामारी त्या "४० टक्के" वर होते. दाखल्यावर "उजव्या पायाचं ४० टक्के" लिहिलेलं असतं आणि कंपनीचा वकील म्हणतो की पूर्ण शरीराचं १५ धरा. राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०११) या निकालाने ठरवून दिलंय की त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते बघायचं. ताठ झालेला गुडघा कारकुनाला आणि ताडी काढणाऱ्याला सारखा नसतो. म्हणून दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आणावंच लागतं, आणि जखमी माणूस काय काम करत होता याचा पुरावा लागतो: दूध संघाची बिलं, मुकादमाची वही, बँकेतल्या नोंदी. उत्पन्नाचा कागद नसेल तर कोर्ट अंदाजाने धरतं, आणि तो अंदाज सहसा कमीच असतो.

अपघात विभाग

वरचं सगळं ज्या एका ओळीवर उभं आहे ती आमच्याकडे लिहिली जाते. केसपेपरवर "कसं झालं" असा रकाना असतो. नातेवाईक घाबरून "घरी पडला" सांगतात, कारण पोलीस नकोत किंवा गाडी पाहुण्याची असते. सहा महिन्यांनी कंपनी तोच केसपेपर दाखवते आणि दावा तिथेच लंगडा होतो. खरं कारण, वाहनाचा प्रकार, ठिकाण आणि वेळ पहिल्याच नोंदीत आली पाहिजे. "एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) झाली का आणि नंबर काय" हे विचारून घ्या. आधी हाडवैद्याकडे नेऊन तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आणलं, तर मधल्या दोन दिवसांचं उत्तर कोणाकडेच नसतं.

रस्ता अपघातात मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे: अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत, नेमलेल्या रुग्णालयात. १०८ वाल्याला आणि रुग्णालयाला तोंडाने सांगा की यात नोंद करा. आपोआप होईलच असं नाही.

बोट तुटून पडलं तर ते थेट बर्फात टाकू नका, पेशी मरतात. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवायची.

नांगर-फण

बोटाचा विषय निघालाच आहे, तर कडबाकुट्टी आणि मळणी यंत्राबद्दल. (आमच्याकडे मळणी यंत्राला हडंबाच म्हणतात.)

हात जातो तो बहुतेक वेळा तोंडाची पन्हाळ आखूड असल्यामुळे. भारतीय मानकाप्रमाणे ती किमान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातली आतली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. म्हणजे हात पूर्ण आत घातला तरी दात्यांपर्यंत पोचत नाही. गावच्या वर्कशॉपात बनवलेल्या यंत्राला ती फूटभर असते, कारण पत्रा वाचतो आणि पेंढी भराभर सरकते. दुसरं कारण पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून यंत्र फिरवणारा दांडा. मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरणाऱ्या उघड्या शाफ्टमध्ये धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर गेला तर सोडवायला एक सेकंदही मिळत नाही. प्लास्टिकची नळी-गार्ड किरकोळ किमतीची असते, आणि फुटली की कोणी परत बसवत नाही. तिसरं, अडकलेली पेंढी यंत्र चालू ठेवून ओढणं. याला औषध नाही, मालकाने बजावून सांगणं एवढंच.

आता भरपाई. शेतमजुराला कामगार भरपाईचा कायदा लागू नाही असं गावात सर्रास सांगतात. ट्रॅक्टरने किंवा इंजिन-मोटारीवरच्या यंत्राने होणाऱ्या शेतीकामावरचा मजूर १९२३ च्या कायद्याच्या यादीतच आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण सूत्र आणि वयाचा गुणक १९२३ च्या कायद्यातलाच आहे (वरच्या मोटार दाव्याच्या गुणकापेक्षा वेगळा). पूर्ण कायमच्या अपंगत्वाला पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक. मजूर ३५ वर्षांचा (गुणक १९७.०६), पगार १२,००० आणि एका हाताची चार बोटं गेली असतील तर यादीत ५० टक्के. ७,२०० × १९७.०६ = १४,१८,८३२, त्याचं निम्मं ७,०९,४१६. नुसता अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला तर ४०.

ही रक्कम यंत्रमालकाच्या खिशातून जाते. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, वर दंड वेगळा. पाच-सात मजूर लावणाऱ्याने कामगार भरपाईचा विमा घ्यावा. अपघातानंतर "दवाखान्याचे पैसे देतो, मिटवू" म्हणून पन्नास हजारांवर स्टॅम्प पेपर करणारे मालक पुढे पूर्ण रक्कमही भरतात, कारण असा परस्पर सोडलेला हक्क कायद्यात टिकत नाही.

कृषीसेवक

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. २०२३ पासून मधली विमा कंपनी गेली, शासन थेट पैसे देतं. मृत्यू, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. वय १० ते ७५. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला सातबारावर नाव नसलेला एक सदस्य धरतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीत.

कागद: सातबारा, ८-अ, वारसाची ६-क नोंद, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, एफआयआर किंवा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, आणि मयत गाडी चालवत असेल तर परवाना. सगळ्यात जास्त प्रकरणं परवान्यावर आणि ६-क वर अडतात. तलाठ्याकडे वारस नोंद तेराव्यानंतर करू म्हटलं की ३० दिवसांतले निम्मे गेले.

साप चावून मृत्यू झाला तर शवविच्छेदन टाळू नका. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, खूण जेमतेम दिसते, सकाळी माणूस उठत नाही. घरच्यांना कारण माहीत असतं, पण कागदावर ते येत नाही. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) ठेवला असेल तर त्याचा अहवाल यायला महिने लागतात. अर्ज तरी वेळेत टाका आणि अहवाल नंतर जोडा.

फवारणीची विषबाधाही यात बसते. पण २०१७ ला यवतमाळात जे गेले त्यांत फवारणीला जाणारे मजूर होते, आणि भूमिहीन मजूर कोणाच्याच सातबाऱ्याशी जोडलेला नसतो. त्याच्यासाठी ही योजना नाही. ही योजनेतली उणीवच आहे, स्पष्ट लिहितो. अशा घरात निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी हवा: वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, मृत्यूला २ लाख. मे अखेरीला खात्यात २० रुपये नसले की तो बंद पडतो.

फेज-न्यूट्रल

विजेचं थोडक्यात. तार तुटून किंवा लोंबून अपघात झाला की तासाभरात लाईन जोडली जाते आणि पुरावा संपतो. फोटो आधी, लांबून: तार, खांब, रोहित्राचा क्रमांक. परवानाधारकाने, म्हणजे वीज कंपनीने, २४ तासांत विद्युत निरीक्षकाला कळवायचं असतं. त्या निरीक्षकाचा अहवाल हाच मुख्य कागद. ११ केव्हीपर्यंतची उघडी तार शेतावरून किमान ४.६ मीटर आणि लघुदाब तार रस्ता ओलांडताना ५.८ मीटर उंच हवी. ही उंची निरीक्षकाकडून मोजून अहवालात लिहून घ्या. स्वतः टेप घेऊन तारेखाली जाऊ नका.

वीज पुरवणाऱ्यावर कडक दायित्व आहे, म्हणजे त्याची चूक सिद्ध न करताही भरपाई द्यावी लागते. मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी (२००२) मध्ये तर तिसऱ्याने चोरून ओढलेल्या तारेनेही मंडळ सुटलं नाही. तातडीची मदत घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर "पूर्ण व अंतिम" शब्द असतील तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. मृत्यूच्या दाव्याला मुदत दोन वर्षं.

आणि रानडुकरासाठी कुंपणात करंट सोडणारे भाऊ: तिथे माणूस मेला तर आरोपी तुम्ही. कोणतीही योजना तुमच्या बाजूने नाही.

वनरक्षक

ऑगस्ट २०२३ पासून वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमच्या अपंगत्वाला साडेसात लाख, गंभीर जखमीला ५ लाख. किरकोळ जखमेला उपचारखर्च, खासगी दवाखान्यात ५० हजारांपर्यंत. मृत्यूची सगळी रक्कम हातात येत नाही, बराचसा भाग मुदत ठेवीत जातो. वाघ, बिबट्या, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, मगर, हत्ती हे यादीत आहेत. साप नाही, त्याला वरचं मुंडे योजनेचं दार.

त्याच दिवशी १९२६ वर किंवा वनपालाला कळवा. जागा तुडवू नका, कारण पायाचे ठसे आणि ओढल्याच्या खुणा हाच पंचनामा असतो. जुन्नर-शिरूरच्या उसात हल्ला बहुधा वाकून काम करणाऱ्यावर किंवा लहान मुलावर होतो. चंद्रपूरला मोहफूल आणि तेंदूपानाच्या दिवसांत. रानडुकराने मोटारसायकलला धडक दिली तर दवाखान्यात "गाडीवरून पडला" एवढंच लिहितात आणि आमच्याकडे प्रकरण नामंजूर होतं. डुक्कर हा शब्द केसपेपरवर हवा.

फडकरी

बीडचे ऊसतोडणी कामगार, अपघात कोल्हापूर किंवा बेळगावकडे. तारखांना तिकडे जायचं का? आणि ट्रॉलीवर बसलेल्यांना कंपनी नाही म्हणते, ते बरोबर आहे का?

कोर्टकचेरी

@फडकरी, जायची गरज नाही. दावेदार जिथे राहतो तिथल्या प्राधिकरणातही अर्ज चालतो. एफआयआर आणि पंचनाम्याच्या सही-शिक्क्याच्या प्रती मात्र तिकडून निघतानाच घ्या.

ट्रॉलीचं अवघड आहे. ट्रॅक्टरला चालकाशिवाय सीट नाही, मडगार्डवर बसलेला कंपनीच्या लेखी फुकटचा प्रवासी. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो, तो बहुधा नसतो. पॉलिसी "शेतीसाठी" आणि वापर कारखान्याच्या वाहतुकीला, हा तिसरा मुद्दा. कधी कोर्ट कंपनीला आधी भरून मालकाकडून वसूल करायला सांगतं, कधी रक्कम थेट मालकावर टाकतं, आणि मालकाकडे दोन एकर सोडून काही नसतं. ते कामगार म्हणून नेले जात होते हे सिद्ध झालं तर कामगार भरपाईचा रस्ता उघडतो. एकाच अपघाताला दोन्हींपैकी एकच निवडता येतो, म्हणून मुकादमाच्या उचलीची चिठ्ठी जपा.

फीबद्दल कोणी विचारलं नाही तरी लिहितो. भरपाईतले टक्के फी म्हणून ठरवणं वकिलाला मना आहे. दवाखान्याच्या दारात भेटणारा "क्लेम करून देतो" वाला एजंट तर वकीलही नसतो. त्याला कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता, इतरांना वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. क्रमांक १५१००. लोकअदालतीत तडजोड केली की अपील नाही, तेव्हा वरचा गुणाकार आधी घरी करून जा आणि कंपनीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून बघा.