मदत हवी आहे: दुसरीच्या मुलांचं लेखन फोनवरून कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. सुरगाणा तालुक्यात (नाशिक) जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. यंदा (2021-22) दुसरीचा पट 14. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा ही पोरं अंगणवाडीत होती. पहिलीचा वर्ग त्यांनी पाहिलाच नाही, आणि कागदोपत्री आता दुसरीत.

1 जुलैपासून 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम (मागच्या इयत्तेची उजळणी) सुरू झालाय. कृतिपत्रिका ग्रुपवर टाकते. स्मार्टफोन 5 घरांत, तोही सध्या भातलावणी चालू असल्याने बापाच्या खिशात. तो रात्री घरी येईतो पोर झोपलेलं. बाकीच्यांना झेरॉक्स नेऊन देते (खर्च कुणाचा, ते विचारू नका).

खरी अडचण पुढेच आहे. ग्रुपवर वहीचे फोटो येतात, अक्षर कसं वळणदार! ते पाचवीतल्या ताईचं, लगेच ओळखू येतं. पण जे मूल स्वतः लिहितं त्याचंही फोटोवरून काही कळत नाही. एका मुलीचा 'क' नेहमी बरोबर दिसायचा. परवा तिच्या ओट्यावर बसून लिहायला लावलं, तर आधी शिरोरेघ, मग दांडा खालून वर, आणि दोन्ही बाजूंचे गोल नंतर चिकटवलेले. झोपडीचं चित्र काढावं तसं. वर्गात हात धरला असता की सुटलं असतं. वाचनाच्या व्हॉइस नोटमध्ये तर मागून आईचा आवाज आधी येतो, लेकराचा नंतर.

कृपया दीक्षा (सरकारी अभ्यासाचं ॲप) किंवा टिलीमिली (टीव्हीवरचे धडे) सुचवू नका. गेल्या वर्षी सह्याद्रीवर लागायची ती टिलीमिली मला आवडली होती, पण ती बघायची गोष्ट आहे. हात कुठे चुकतोय ते टीव्हीला दिसत नाही.

कुणी काही करून पाहिलंय का?

प्रतिसाद १:
धूळपाटी करा मॅडम. बोटाने मोठं अक्षर गिरवलं की वळण आपोआप बसतं.

धागाकर्ती:
सर, जुलैत सुरगाण्याला कोरडी माती कुठून आणू? भिंतीसुद्धा ओल्या आहेत इथे.

प्रतिसाद २:
पुऱ्या अक्षराचा फोटो मागवूच नका. पहिली रेघ काढली की थांबायचं, तेवढाच फोटो. सुरुवात कुठून होते ते लगेच दिसतं. फोन नसलेल्यांना दोन रंगीत खडू द्या: पहिली रेघ लाल, पुढची निळी. पान हातात आलं की क्रम कळतो. आमच्याकडे यावर चांगलं निभावलं. मात्र रोज एकच अक्षर घ्या, कृतिपत्रिका मागे पडली तर पडू दे.

धागाकर्ती:
खडूंचं उद्याच करते, धन्यवाद. कृतिपत्रिका मागे ठेवायची तर दर पंधरवड्याच्या चाचणीचे गुण कुठून भरू, तेही सांगा. आणि ताईंचं काय करू? त्या बिचाऱ्या मदत म्हणूनच लिहून देतात, रागावणार कशी? त्यांनाच धाकट्यांचा हात धरायला शिकवता येईल का? कुणी शिकवलं असेल तर नेमकं काय सांगितलं, ते लिहा.