पहिली कादंबरी : स्वप्रकाशन करावे की प्रकाशनसंस्थेकडे जावे?

प्रश्न

नमस्कार. माझी पहिली कादंबरी लिहून पूर्ण झाली असून, काही जाणत्या वाचकांनी सुचवलेले बदलही मी केले आहेत. आता ती कोणत्या मार्गाने प्रसिद्ध करावी, याचा निर्णय होत नाही. एका प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित ठेवून घेतले आहे. निर्णयाला सहा महिने आणि होकार आल्यास छपाईला त्यानंतर वर्षभर लागेल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या संस्थेने आठवड्याभरातच स्वीकृती कळवली, परंतु पहिल्या आवृत्तीच्या ३०० प्रती मी स्वतः विकत घ्याव्यात, अशी अट घातली आहे. तिसरा मार्ग स्वप्रकाशनाचा. तो आज आवाक्यात असला, तरी अशा पुस्तकाकडे कोणी गांभीर्याने पाहत नाही, असे ऐकून आहे. या पुस्तकावर मला पोट भरायचे नाही. ते वाचले जावे, एवढीच इच्छा आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुम्ही तीन मार्ग मोजले आहेत, पण त्यांतला मधला मार्ग माझ्या मते बादच करायला हवा. प्रकाशक संपादन, छपाई आणि वितरण यांत स्वतःचे भांडवल घालतो, पुस्तक न खपल्यास नुकसान सोसतो आणि त्या बदल्यात लेखकाकडून हक्क घेतो. प्रकाशनव्यवहाराचा पाया हाच आहे. छपाईआधीच ३०० प्रतींचे पैसे तुमच्याकडून वसूल झाले, की संस्थेचा खर्च निघाला, कदाचित नफाही झाला. मग ते पुस्तक दुकानात पोहोचवण्याची धडपड त्यांनी कशासाठी करावी? गठ्ठे तुमच्या घरी येऊन पडतील आणि पुढची विक्री तुमच्या डोक्यावर बसेल. आठवड्याभरात आलेल्या होकारानेही हुरळून जाऊ नका, कारण कादंबरी नीट वाचून, तिच्यावर टिपणे काढून खर्चाचा अंदाज बांधायला एवढा वेळ सहसा पुरत नाही. पैसे स्वतःचेच घालायचे असतील, तर ते उघडपणे स्वप्रकाशनात घालावेत. तिथे निदान हक्क तुमच्याकडे राहतात. (छपाईनंतर लेखकाने आपखुशीने सवलतीच्या दरात काही प्रती घेणे ही निराळी बाब आहे, तशी सोय बहुतेक करारांत असतेच.)

प्रतिसाद २

मी स्वप्रकाशन केले आहे आणि पुन्हा करीन, तरीही तुम्हाला ते सरसकट सुचवणार नाही. त्यात प्रकाशक नाहीसा होत नाही, तर त्याची सगळी कामे आपल्या अंगावर येतात. सर्वांत आधी संपादनाचा विचार करा. जी मावशी तिसऱ्या प्रकरणात विधवा झाली, तिचाच नवरा अकराव्या प्रकरणात दार उघडतो, असल्या गोष्टी लेखकाला दिसत नाहीत, कारण त्याच्या मनात कथानक आधीच सरळ झालेले असते. आणि स्नेही मंडळी भिडेखातर बोलत नाहीत. म्हणून खर्चात काटकसर करायची झाल्यास ती प्रकाशन समारंभात करावी, संपादन आणि मुद्रितशोधन यांत नव्हे.

मागणीनुसार छपाईत साठा करावा लागत नाही, ही मोठीच सोय आहे. मात्र एकेका प्रतीचा खर्च ऑफसेट छपाईतील मोठ्या आवृत्तीपेक्षा जास्त येतो, त्यामुळे दुकानदाराला द्यायच्या सवलतीसाठी किमतीत फारशी जागा उरत नाही. शिवाय न खपलेल्या प्रती परत घेण्याची हमी नसेल, तर दुकानदार अशी पुस्तके ठेवायला नाखूश असतात. ई-पुस्तकाचे गणित अधिक सोपे आहे. किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-पुस्तक सेवेवर, लेखकाला ३५ किंवा ७० टक्के दराने रॉयल्टी (विक्रीतला वाटा) मिळते. कोणता दर लागू होईल, ते पुस्तकाची किंमत, विक्रीचा देश यांसारख्या अटींवरून ठरते. त्यांच्या ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घातले, तर ९० दिवस ते ई-पुस्तक अन्यत्र विकता येत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तोसुद्धा शक्यतो स्वतःच्या नावे घ्यावा. छपाई-सेवेने फुकट दिलेला क्रमांक बहुधा तिच्यापुरताच चालतो.

प्रतिसाद ३

गांभीर्याच्या मुद्द्याविषयी लिहितो. वाचक पुस्तकावर कोणाची मुद्रा आहे हे क्वचितच पाहतो. परीक्षक, ग्रंथालये आणि पुरस्कारसमित्या मात्र पाहतात, आणि काही पुरस्कारांच्या नियमांत स्वप्रकाशित पुस्तकांना प्रवेशच नसतो. तुमची इच्छा वाचले जाण्याची आहे, म्हणून मी पहिल्या संस्थेच्या उत्तराची वाट पाहीन. क्रमालाही महत्त्व आहे: प्रकाशनसंस्थेने नाकारलेली कादंबरी नंतर स्वतः काढता येते, पण आधी स्वतः काढलेले पुस्तक संस्था सहसा घेत नाहीत. इंग्रज लेखिका बिअॅट्रिक्स पॉटर यांनी नकार पचवून १९०१ मध्ये आपल्या पहिल्या बालपुस्तकाच्या २५० प्रती स्वखर्चाने छापल्या आणि १९०२ मध्ये ते फ्रेडरिक वॉर्न या संस्थेने प्रसिद्ध केले, हे खरे आहे. परंतु तो दाखला सव्वाशे वर्षांनंतरही सांगितला जातो, यावरूनच असे किती विरळा घडते ते कळावे.

होकार आलाच, तर रॉयल्टी छापील किमतीवर आहे की संस्थेच्या हाती येणाऱ्या रकमेवर, हे आधी विचारून घ्या. छापील किंमत १०० धरली आणि विक्रेत्यांना ४० टक्के सवलत गेली, तर त्याच १० टक्के रॉयल्टीचे एका हिशेबाने १० होतात, दुसऱ्या हिशेबाने ६.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. ३०० प्रतींचा प्रस्ताव आज नाकारला. पहिल्या संस्थेने कराराचा नमुना पाहायला दिला आहे. त्यात ‘पुस्तक विक्रीस उपलब्ध असेपर्यंत सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील’ असे कलम आहे. हे नेहमीचेच आहे का?

प्रतिसाद १

कलम जुन्या वळणाचे आहे. आवृत्ती संपून पुनर्मुद्रण थांबले, की पुस्तक अनुपलब्ध ठरे आणि हक्क लेखकाकडे परत येत, तेव्हा ते ठीक होते. आता ई-पुस्तक संकेतस्थळावर नुसते पडून असले किंवा मागणी आल्यावर एकेक प्रत छापण्याची सोय ठेवली, तरी पुस्तक कायमच ‘उपलब्ध’ राहते, म्हणजे हक्क कधीच परत येत नाहीत. त्याऐवजी ‘सलग दोन वर्षे वार्षिक विक्री अमुक प्रतींच्या खाली गेल्यास लेखकाच्या लेखी मागणीवरून हक्क परत मिळतील’ अशी आकड्याची अट मागा. ‘सर्व हक्क’ हे शब्दही काढून घ्या. छापील पुस्तक आणि ई-पुस्तक त्यांना द्यावे. अनुवाद, श्राव्य पुस्तक आणि चित्रपट यांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत, किंवा संस्था ते कोणत्या मुदतीत वापरणार आहे, हे लिहून घ्यावे. नामांकित संस्थाही एवढ्या दुरुस्त्या मान्य करतात. मात्र सगळे पत्राने मागा. फोनवरच्या होकारावर सही करू नका.