आयपीएल बघणाऱ्याला क्रिकेट कळत नाही, हे कोणी ठरवलं?

हापूसवेळ (देवगड)

कालच्या आंब्याच्या धाग्यात 'सडेकर' यांनी मध्येच लिहून टाकलं : "आयपीएल म्हणजे क्रिकेट नव्हे, जत्रा. ज्याला खेळ कळतो तो ते बघत नाही. कोकणातली पोरं दोन महिने मोबाईलला चिकटतात आणि बागेत गडी मिळत नाहीत." तिथे पेटीच्या भावाचं चाललं होतं म्हणून गप्प बसलो. पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

जत्रा आहे, मान्य. पण आपल्याकडे जत्रेला नावं कधीपासून ठेवायला लागलो? आंगणेवाडीला लोक मुंबईहून रजा टाकून येतात. गर्दी असते, खाजं असतं, पाळणे असतात, म्हणून देवी कमी होते का? आयपीएलमध्ये नाचगाणी आहेत, जाहिराती आहेत, आणि त्यांच्या मधोमध क्रिकेट आहे. खरं क्रिकेट.

दुसरं, झटपट क्रिकेट कोकणाला आयपीएलने शिकवलेलं नाही. १८ एप्रिल २००८ ला बंगळूरला आयपीएलच्या पहिल्याच सामन्यात मॅकलमने ७३ चेंडूंत १५८ ठोकल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मळ्यांत आणि कातळावर सहा-सहा षटकांचे सामने चालले होते. भात कापून झालं की मळा मोकळा. मे महिन्यात चाकरमानी आले की टीमच टीम. दोन दिवसांत सगळ्यांचे सामने उरकायचे, अंधार पडला की चेंडू दिसत नाही, मग षटकं कमीच ठेवणार. आपण टी-ट्वेन्टीवाले जन्मापासून आहोत.

आणि "ज्याला खेळ कळतो" म्हणजे काय? २०१९ ची फायनल आठवा. शेवटच्या चेंडूवर चेन्नईला दोन धावा हव्यात, समोर मुंबईचा मलिंगा, बॅट हातात पालघरच्या शार्दुल ठाकूरच्या. आमचं घर मुंबई इंडियन्सचं, पण बॅट धरून उभा आहे तो कोकणातला पोरगा! कोणासाठी ओरडायचं तेच कळेना. मलिंगाने वेग काढून घेतलेला, थेट पायाशी पडणारा यॉर्कर टाकला, शार्दुल पायचीत, मुंबई एका धावेने जिंकली. सगळे वेगवान चेंडूची वाट बघत असताना तिथे हळू चेंडू टाकायला काळीज लागतं आणि अक्कल पण. ज्याला तो चेंडू कळला त्याला क्रिकेट कळतं, मग तो कसोटी बघो न बघो.

आमची आई नियम विचारत नाही. धोनी आला की तिचा चहा राहतो, एवढंच. ३ जून २०२५ ला अठराव्या हंगामात बंगळूरने एकदाचा कप घेतला आणि कोहलीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती पण रडली. हा आनंद खोटा आहे असं मला कोणी सांगू नये.

सडेकर (राजापूर)

माझं नाव घेऊन धागा काढलात म्हणून सविस्तर लिहितो.

आनंद खोटा आहे असं मी म्हटलं नव्हतं. माझा राग बॉलरसाठी आहे. २०२४ ला हैदराबादने बंगळूरविरुद्ध २८७ केल्या. त्याच हंगामात कोलकात्याच्या २६१ धावा पंजाबने पाठलाग करून पार केल्या. सीमारेषा आत, खेळपट्टी सपाट, आणि २०२३ पासून वर तो इम्पॅक्ट प्लेअर. सामना चालू असताना बदली म्हणून बारावा माणूस आत घ्यायचा म्हणजे आठव्या क्रमांकापर्यंत फटकेबाज. अष्टपैलू खेळाडूला बॉलिंग टाकायची गरजच उरत नाही. हा नियम आपल्याला आवडत नाही हे खुद्द रोहित शर्माने बोलून दाखवलंय. तो तरी खेळ कळणाऱ्यांत बसतो ना?

मी तरुणपणी बॉलिंग टाकायचो. उन्हात तापलेल्या जांभ्यावर, अनवाणी. चार षटकांच्या सामन्यातही बॉलरला मान होता, कारण सीमारेषा म्हणजे पलीकडची काजूची झाडं आणि ती लांब होती.

आणि शार्दुलचं म्हणाल तर तो घडला शालेय क्रिकेटमध्ये आणि राज्यांच्या रणजी स्पर्धेत. मार्च २०२४ च्या रणजी उपांत्य सामन्यात तामिळनाडूविरुद्ध मुंबई अडचणीत असताना त्याने शतक काढलं. ते तुमच्यापैकी किती जणांनी बघितलं?

कोळंबकाठी (वेंगुर्ला)

पालघर कोकणात कधीपासून धरायला लागलो आपण?

केळवेरोड

कोकण विभागात पालघर जिल्हा आहे, २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला तेव्हापासून आहे, आणि त्याआधी ठाणे म्हणून होताच. आमच्याकडे समुद्र आहे, मासळी आहे, वाडी आहे. सिंधुदुर्गवाल्यांनी दाखला द्यायची गरज नाही. दर वेळी हेच ऐकायचं, आता कंटाळा आलाय.

शार्दुल पालघरहून पहाटेची गाडी पकडून किट घेऊन मुंबईला जायचा, हे इकडे गाडीत उभं राहून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मग प्रशिक्षक दिनेश लाड सरांनी त्याला बोरिवलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत एका षटकात सहा षटकार मारलेला मुलगा आहे तो. आयपीएल नसतं तरी तो पुढे गेला असता असं सडेकरांना वाटत असेल. पण आज आमच्या गावातली आई मुलाला किट घेऊन गाडीत चढू देते ती टीव्हीवर शार्दुल दिसतो म्हणून. रणजी तिच्या टीव्हीवर लागत नाही.

हापूसवेळ (देवगड)

सडेकर, २८७ लक्षात ठेवलंत आणि १११ विसरलात. एप्रिल २०२५ ला मुल्लनपूरला पंजाब १११ मध्ये गुंडाळली गेली, आणि त्यांनी कोलकात्याला ९५ वर गुंडाळलं. पंजाबच्या चहलच्या चार विकेट. आयपीएलच्या इतिहासात इतकी कमी धावसंख्या कोणी वाचवलेली नाही. बॉलर मेला म्हणता, तर हे कोणी केलं?

इम्पॅक्ट प्लेअर मलाही पटत नाही. तेवढं तुमचं.

वाडीचा कीपर (गुहागर)

तुम्ही आकडे मोजत बसा. आयपीएलने आमच्या गावाचं काय केलं ते मी सांगतो.

आमच्याकडे आता 'प्रीमियर लीग' आहे. मंडप, स्पीकर, यूट्यूबवर लाईव्ह, आणि खेळाडूंचा लिलाव. सहा संघमालक, त्यातले बहुतेक मुंबईत धंदा करणारे. प्रत्येकाला बोलीसाठी पॉइंट दिलेले. खेळाडूचा फोटो पडद्यावर येतो, माईकवाला बोली पुकारतो. माझा धाकटा भाऊ गावातच राहतो, बोटीवर जातो, वर्षभर मैदान तोच साफ करतो. त्याचा फोटो आला आणि एकही हात वर झाला नाही. माईकवाला तीनदा म्हणाला, "अनसोल्ड." समोर अख्खी वाडी. बायको, पोरं, सासुरवाडीची माणसं. तो तिथून उठला तो दोन दिवस मैदानाकडे फिरकला नाही.

पूर्वी वाडीची टीम म्हणजे वाडीची टीम होती. अकरा पुरे पडायचे नाहीत तेव्हा त्यालाच घरातून उठवून न्यायचे. हा लिलाव आयपीएल बघून बघून शिकलात ना सगळे?

डोंबिवली-दापोली

दादा, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण "मुंबईत धंदा करणारे" हे जे म्हणालात त्यावर बोलतो, कारण तुमच्या लीगच्या त्या मालकांतला मी एक.

टी-शर्ट कोणाच्या पैशाने आले? मंडप, जनरेटर, जेवण, पहिलं बक्षीस बोकड, हे कोण देतं? आम्ही वर्षभर लोकलमध्ये घाम गाळतो आणि मेच्या सुट्टीतले ते दिवस गावासाठी ठेवतो. लिलाव नव्हता तेव्हा वरच्या वाडीकडे सगळे बॉलर आणि खालच्या वाडीला दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी, हे किती वर्षं चाललं? लिलावाने संघ मिसळले. ज्या दोन वाड्या एकमेकांच्या लग्नाला जात नव्हत्या त्यांची पोरं एका टीममध्ये खेळली. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वाडीचा कीपर (गुहागर)

बोकड दिला म्हणून माणसाला मांडवात उभं करून किंमत लावायची? तुम्ही चार दिवसांनी गाडीत बसून जाता. भावाला त्याच लोकांबरोबर रोज बोटीवर जायचंय.

डोंबिवली-दापोली

शब्द जपून वापरा. मी किंमत लावायला गावी येत नाही. माझं घर आहे तिथे.

मालवणी बापूस

वायच थांबा रे दोघांव. माझ्या झिलाकय गेल्या साली कोणी घेवक नाय. माका लय वाईट वाटला, रातभर झोप नाय. पण लिलाव नव्हतो तेव्हा काय रामराज्य होता? आमच्या टायमाक जेची बॅट तो कप्तान. जेचो बापूस सरपंच तेची पयली बॅटिंग. माका कधीच बॉल दिल्यानी नाय, सदा काट्यांत बॉल हुडकूक धाडीत. अपमान तेव्हाय होतो, फकस्त माईक नव्हतो. तो माईक काढा आधी.

सुप्रिया_चिपळूण

माईक काढा, हे अगदी खरं. लिलाव बंद खोलीत मालक मिळून करू शकतात की. प्रत्येक नाव कोणत्या तरी संघात जाईलच असा नियम करायचा. बोलीचं लाईव्ह कशाला हवं?

मला मात्र वेगळा राग आहे. गावोगाव लीग झाल्या, लेदर बॉलचं मैदान कुठे आहे? महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये रत्नागिरी जेट्स आहे. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षं तीच विजेती. आणि सामने गहुंज्याला, पुण्याच्या दारात! आमच्या रत्नागिरीच्या नावाची टीम बघायला आम्ही घाट चढून जायचं? माझी भाची लेदर बॉल खेळते. सरावाला खेळपट्टी नाही म्हणून सिमेंटवर खेळते, आणि सिमेंटवर शिकलेल्या मुलीचा पाय गवती खेळपट्टीवर पुढे जात नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारणहक्क ४८,३९० कोटींना गेले. त्यातून दर जिल्ह्याला एक बरी खेळपट्टी होणार नाही का? आचरेकर सर मालवणात जन्मले, पण सचिनला शिकवायला त्यांना शिवाजी पार्कच लागलं.

सडेकर (राजापूर)

ताई, हेच मी म्हणत होतो. पैसा वर फिरतो, खाली येत नाही.

हापूसवेळ (देवगड)

तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही म्हणालात, बघू नका. सुप्रियाताई म्हणतायत, खेळपट्टी द्या. मी बघणारच, आणि खेळपट्टीही मागणार. पाऊस बघता इकडे गवती खेळपट्टी टिकवणं सोपं नाही हे कळतं, जूनपासून चार महिने ती झाकावी लागेल. पण निदान मॅटिंगची चटई अंथरता येईल असं एक सपाट मैदान आणि बांधलेली नेट्स प्रत्येक तालुक्याला हवीच. रत्नागिरीच्या नावावर कप येतो तर एक सामना तरी रत्नागिरीत व्हावा.

केळवेरोड

आणि पालघरला पण.

वाडीचा कीपर (गुहागर)

आमच्या लिलावाचं काय ते बोला. यंदाची मीटिंग दिवाळीत आहे. माईक बंद, पडदा बंद, आणि गावात राहणारे निदान चार खेळाडू प्रत्येक संघात सक्तीने. हे तिन्ही मान्य असेल तर भावाला मी समजावतो. नसेल तर मैदान कोण साफ करणार ते मुंबईहून ठरवा.

डोंबिवली-दापोली

माईक आणि पडदा, दोन्ही मान्य. चार खेळाडूंची सक्ती मात्र बाकीच्या मालकांना विचारल्याशिवाय हो म्हणू शकत नाही. गावात राहणारे चांगले बॉलर मोजून तेवढेच आहेत, ते कोणाला मिळणार यावरूनच पुन्हा भांडण होईल.

सडेकर (राजापूर)

त्यांच्या चिठ्ठ्या टाका. बॉलरच्या चिठ्ठ्या आधी, बॅटवाले नंतर. हे करणार असाल तर राजापूरहून आमची टीम पाठवतो, प्रवेश फी पण भरतो. आयपीएलबद्दल माझं मत होतं तेच आहे.

वाडीचा कीपर (गुहागर)

बाहेरच्या टीमला यंदा प्रवेश द्यायचा का, हेही मीटिंगमध्येच ठरेल.